किडरमिन्स्टरचे पाळक

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर या विणकरांच्या गावी रिचर्ड बॅक्स्टर पाळक होते. नुसतं रविवारचं प्रवचन त्यांना पुरेसं वाटेना. मंडळीत आठशेहून अधिक कुटुंबं! दर सोमवारी-मंगळवारी ते आणि त्यांचे सहकारी मिळून पंधरा-सोळा कुटुंबांना भेटत. वर्षभरात सारा गाव होई. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं नुसती पाठ असणं पुरेसं नव्हतं. त्यांचा अर्थ उमगला का, हे ते आस्थेनं विचारत.

गरिबांना ते पुस्तकं फुकट देत. विणकर ती मागासमोर ठेवून विणता विणता वाचत.

हळूहळू चर्च अपुरं पडू लागलं, पाच सज्जे बांधावे लागले. १६५६ साली ‘द रिफॉर्म्ड पास्टर’मध्ये त्यांनी कुटुंबांना भेटून शिकवण्याची ही पद्धत मांडली. पाळकानं आधी स्वतःचं अंतःकरण तपासावं, हा त्यातला आग्रह सर्वांत मोलाचा. पुढे पाळकांवर एकच उपासनापद्धत बंधनकारक करणाऱ्या १६६२च्या कायद्यामुळे बॅक्स्टर यांना चर्च ऑफ इंग्लंड सोडावं लागलं.