पोलादी पिस्तूल सोडताना

इशापूरच्या नाइन एमएम पिस्तुलातून मॅगझीन काढलं की चाप ओढून काही होत नाही. चेंबरमध्ये गोळी असली तरी होत नाही. मॅगझीन बाहेर येताच चाप आणि हॅमर यांच्यातला दुवा सुटतो. पोलीस दलात हत्यार शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि आमच्या शिपायांच्या दोन पिढ्यांचा हात याच पिस्तुलावर बसला. ग्लॉकसारख्या पॉलिमरच्या पिस्तुलात ही सोय नाही. मॅगझीन डाव्या हातात आहे, पिस्तूल रिकामं वाटतंय, पण चेंबरमध्ये एक गोळी राहिली असेल तर चाप दाबताच ती सुटणार. जुनं पिस्तूल सोडून नवं घेणाऱ्याशी सगळे वजनाबद्दल आणि गंजाबद्दल बोलतात. मी आधी हे सांगतो.

रायपूरला चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात भेटणारी ओळखीची माणसं विचारतात, की प्लास्टिकचं पिस्तूल म्हणजे नेमकं काय? ते फुटत नाही का? विमानतळावर सापडतं का? प्लास्टिकचा असतो तो खालचा सांगाडा, म्हणजे मूठ आणि चापाभोवतालचा भाग. तो नायलॉनच्या जातीच्या मजबूत पॉलिमरचा ओतलेला असतो. वर मागेपुढे सरकणारी स्लाइड, बॅरल, स्प्रिंगा आणि स्लाइड ज्यावरून धावते त्या पट्ट्या पोलादाच्याच असतात. वजनाचा मोठा हिस्सा पोलादाचा असल्यामुळे ते एक्स-रे यंत्रात स्वच्छ दिसतं. सामान्य परवानाधारकाला नाइन एमएम मिळत नाही, आपल्या कायद्यात ते प्रतिबंधित बोअर आहे. त्यामुळे हा बदल मुख्यतः वर्दीतल्या माणसांचा आहे. पण ही माणसं बाजारात, बंदोबस्तात, तुमच्या शेजारीच उभी असतात.

जुन्या पिस्तुलाबद्दल मला फार आदर आहे. त्याचा मूळ आराखडा जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराचा. १९२६ मध्ये बेल्जियममध्ये काम करतानाच तो वारला. दियोदोने सैव यांनी ते काम पुरं केलं आणि १९३५ मध्ये बेल्जियमच्या सैन्याने ते पिस्तूल स्वीकारलं. दोन रांगांच्या मॅगझीनमध्ये तेरा गोळ्या, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियमचा कारखाना जर्मनांच्या हाती गेला, तेव्हा कॅनडात टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने तेच पिस्तूल दोस्त राष्ट्रांसाठी बनवलं. दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच घडणीचं पिस्तूल घेऊन लढले. पुढे हुगळीकाठच्या इशापूर रायफल फॅक्टरीत त्याच घाटाचं आपलं ‘पिस्टल ऑटो नाइन एमएम वन ए’ बनू लागलं. एवढी वर्षं टिकलेली रचना आहे ती. हातात घेतलं की मूठ कशी भरते, हे एकदा अनुभवलेला माणूस विसरत नाही.

ग्लॉकची कथा अगदी वेगळी. ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवं पिस्तूल हवं होतं तेव्हा गास्टन ग्लॉक सैन्यासाठी सुऱ्या वगैरे बनवत होते. बंदुका बनवण्याचा अनुभव त्यांना नव्हता. १९८२ मध्ये त्यांचंच पिस्तूल निवडलं गेलं. पॉलिमरचा सांगाडा त्यांनी शोधला असं मात्र नाही. जर्मनीच्या हेकलर अँड कोख कंपनीने १९७० मध्येच तसं पिस्तूल आणलं होतं, पण जगभर चाललं ते ग्लॉक. ब्रिटिश सैन्याने २०१३ मध्ये चाळीसहून अधिक वर्षं वापरलेलं ब्राउनिंग सोडून पंचवीस हजारांवर ग्लॉक १७ मागवली, तेव्हा मी ती बातमी फार लक्षपूर्वक वाचली होती. आपल्याकडे एनएसजीच्या कमांडोंकडे ग्लॉक आहेच.

मी ते पहिल्यांदा हाताळलं एका केंद्रीय दलाच्या कोर्समध्ये. नंतर मुलांना शिकवताना ज्याच्या हातात पहिल्यांदा द्यावं, तो छत्तीसगढीत एकच वाक्य बोलायचा, “सर, अब्बड हरू हे!” खरंच हलकं आहे. इशापूरचं रिकामं पिस्तूल नऊशे ग्रॅमच्या वर भरतं. ग्लॉक १७ रिकाम्या मॅगझीनसकट सुमारे सातशे. बारा तास कमरेला बांधून उभं राहणाऱ्याला त्या दोनशे ग्रॅमचा अर्थ कळतो. आणि गोळ्या तेराच्या जागी सतरा.

गंजाचं म्हणाल तर तो मी आयुष्यभर घासला आहे. रायपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, घाम पट्ट्यातून झिरपून चामड्याच्या होल्स्टरमध्ये उतरतो. घामात मीठ असतं आणि चामडं ओल धरून ठेवतं. आठवडाभर पिस्तूल त्यातून काढलं नाही तर स्लाइडवर तांबूस ठिपके उठतात. मग पावसाळा येतो, आणि बस्तरकडे ड्युटी लागलेला माणूस परततो तेव्हा मुठीच्या पट्ट्या उघडल्या की आत काय दिसेल सांगता येत नाही. तेल जास्त लावावं तर त्यावर लाल धूळ बसून लापी तयार होते. मी चिंदी आणि बॅरल साफ करायची पुलथ्रू घेऊन कोतात, म्हणजे दलाच्या शस्त्रागारात, बसलो की संध्याकाळ व्हायची. पॉलिमरला गंज चढत नाही, आणि ग्लॉकच्या स्लाइडचा पृष्ठभागही नायट्राइडिंगने असा कठीण केलेला असतो की घामाला तो सहज दाद देत नाही. तरी आतल्या बारीक स्प्रिंगा आणि पिना पोलादाच्याच. ‘याला सफाई लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नये.

आता मूळ मुद्दा. जुन्या पिस्तुलात हॅमर बाहेर असतो. तो मागे खेचलेला आहे की पुढे पडलेला, हे अंधारातही अंगठ्याला कळतं. डाव्या बाजूला सेफ्टीची कळ असते. पण हॅमर चढवून, सेफ्टी लावून, चेंबरमध्ये गोळी ठेवून आमच्याकडे कुणी फिरत नसे, आणि त्याला कारण होतं. त्या जुन्या घडणीत फायरिंग पिनला अडवणारा वेगळा अडसर नाही. भरलेलं पिस्तूल तोंडावर आपटलं तर पिन पुढे झेपावून गोळी सुटू शकते. गोळीवर हॅमर अंगठ्याने हळूच उतरवणं तर आणखी धोक्याचं. म्हणून चेंबर रिकामं ठेवायचं, वेळ आली की स्लाइड ओढायची. म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत. गर्दीत एका हाताने कुणाला मागे ढकलत असलेल्या शिपायाकडे दुसरा हात कुठून येणार?

ग्लॉकमध्ये हॅमर दिसतच नाही. आत स्ट्रायकर असतो, तो अर्धा ताणलेला राहतो आणि चाप त्याला उरलेला ताण देतो. चापाच्या मध्ये एक छोटी पट्टी असते, ती दाबल्याशिवाय चाप हलत नाही. आत स्ट्रायकरला अडवणारा अडसर आहे, आणि पिस्तूल पडलं तरी न सुटण्याची तिसरी तजवीजही आहे. तिन्ही सुरक्षा चाप दाबताना आपोआप निघतात, सोडला की परत लागतात. चाप दर वेळी सारखाच, साधारण अडीच किलोच्या जोराचा. जुन्याचा पहिल्यापासून हलका आणि आखूड, फक्त मॅगझीनच्या त्या दुव्यामुळे थोडा खरखरीत. नवशिक्याला सारखा चाप लवकर साधतो, हे मी रायपूरजवळच्या माना इथल्या रेंजवर पाहिलं आहे. बोटं लहान असलेल्या मुलींना मुठीची मागची पट्टी बदलता येते, त्याचा फायदा तर फारच दिसतो. हॅमरच्या चिमट्यात अंगठ्यामागची कातडी सापडून रक्त येणंही बंद झालं.

पण अंगठ्याने लावायची सेफ्टी गेली, म्हणजे ते काम आता तर्जनीवर आलं. चापाच्या कड्यात बोट जाता कामा नये, नेम धरेपर्यंत. आणि होल्स्टर कडक हवं, चापाचं कडं पूर्ण झाकणारं. जुन्या मऊ होल्स्टरची घडी किंवा जॅकेटची दोरी त्या कड्यात शिरली तर पिस्तूल आत सारतानाच गोळी मांडीत जाऊ शकते. पिस्तूल नवं आणि होल्स्टर जुनं, असं मी पाहिलेलं आहे. ते पाहिलं की माझा जीव वर येतो.

सफाईसाठी उघडतानाही तेच. जुनं उघडायला स्लाइड मागे अडकवायची आणि कळ बाजूने काढायची. चापाला हात लागत नाही. ग्लॉक उघडण्याआधी चाप दाबावाच लागतो. एका ठिकाणी रात्रपाळीनंतर एका जवानाने मॅगझीन काढलं, चेंबर न पाहता चाप दाबला. पिस्तुलाचं तोंड रेतीच्या पेटीत होतं म्हणून सगळे घरी गेले. त्याचा हात चुकला नव्हता. तो इतकी वर्षं जे करत आला तेच त्याने केलं होतं.

म्हणून मी शिकवताना दारूगोळा नंतर, आधी डमी राउंड. ‘खाली कर’ म्हटलं की मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबर डोळ्यांनी पाहा, मग त्यात करंगळी घालून पाहा, मग पुन्हा पाहा. कंटाळा येईपर्यंत, आणि कंटाळा आल्यावरही.

बदल ग्लॉकवरच थांबणार नाही. पुण्याच्या पाषाणला डीआरडीओच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलच्या लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्यासोबत ‘अस्मी’ हे नाइन एमएमचं मशीन पिस्तूल घडवलं, जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झालं. त्याचा वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि चापाचे काही भाग थ्री-डी प्रिंटिंगने केलेले. नवी हत्यारं येत राहणार, आपल्याच माणसांच्या हातून येणार, याचा मला अभिमान आहे. माझी विनंती दलांच्या वरिष्ठांना आहे. एका माणसाला आज हे, उद्या ते असं देऊ नका. ज्या दिवशी नवं पिस्तूल त्याच्या नावावर चढेल, त्याच दिवशी जुनं कोतात जमा करून घ्या, नवं होल्स्टर सोबतच द्या, आणि पहिला महिना त्याला बंदोबस्तावर न पाठवता रेंजवर ठेवा.