नोंद मदतनिसाची, सही ग्रंथपालाची

शिक्षण हक्क कायदा 2009च्या परिशिष्टानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे. ग्रंथपालाचा मात्र तिथे उल्लेखच नाही. महाराष्ट्रातील खासगी अनुदानित शाळांत डिसेंबर 2020च्या शासन निर्णयाने चतुर्थ श्रेणी पदांच्या जागी भत्ता आणला. म्हणजे ग्रंथालयातला मदतनीसही कायम नाही, बदलता; त्यामुळे कामाची वाटणी तोंडी ठेवून भागत नाही.

दाखल रजिस्टर, शिक्के, देवघेव, मांडणी मदतनिसाकडे. पुस्तकनिवड, वर्गीकरण आणि वार्षिक पडताळणीवरची सही ग्रंथपालाचीच.

नवी मुंबईच्या खाडीकाठच्या दमट हवेत जूनपासून बुरशी आणि कसर तपासणे सर्वांत निकडीचे, आणि नेमके तेच ‘वेळ मिळाला तर’मध्ये ढकलले जाते! त्यासाठी आठवड्याचा एक वार ठरवून द्यावा. खराब प्रत वेगळी काढेल मदतनीस. ती रद्द करायचा प्रस्ताव ग्रंथपालाने मुख्याध्यापकांपुढे ठेवावा.