तांदळाच्या दाण्यावर तेरा लाख दिवे

पन्हाळगडावरच्या अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारं आहेत. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं, असं सांगतात. खंडीचं माप गावागणिक बदलतं, म्हणून किलोच्या हिशेबात शिरत नाही. आपल्याला त्या कोठीतला एकच दाणा हवाय. तांदळाचा. सहा मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद. आता या दाण्याएवढ्या जागेत दिवे बसवायचे. किती बसतील? पाच? पन्नास? कुणी धीर करून हजार म्हणालं तर शाबास, पण अजून फार लांब आहात. तेरा लाख!

या दिव्यांना मायक्रोएलईडी म्हणतात. इथे त्यांच्यात तीन मायक्रॉनचं अंतर धरलंय, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. किलोभर तांदळात पन्नास हजार दाणे धरा. प्रत्येक दाण्यावर तेरा लाख, म्हणजे झाले साडेसहा हजार कोटी दिवे. पृथ्वीवरच्या आठशे कोटींहून जास्त माणसांना वाटायला निघालात तरी प्रत्येकाच्या वाट्याला सात-आठ येतील. एक किलो तांदळात! दुसरा किलो फोडायचीही गरज नाही.

एवढ्या बारीक दिव्यांचं करायचं काय? चष्म्यात बसवायचे. काचेतून समोरचा रस्ता दिसतोय आणि त्याच काचेवर नकाशा, निरोप, भाषांतर उमटतंय, असा चष्मा बनवायची जगात शर्यत लागली आहे. त्यासाठी दांडीत मावेल एवढा पडदा हवा, आणि तो एकट्या कंपनीच्या आवाक्यातला नाही. म्हणून जोड्या जमतात. इंग्लंडमधल्या प्लिमथची प्लेसी ही कंपनी सिलिकॉनवर गॅलियम नायट्राइडचे दिवे पिकवते. अमेरिकेची कंपाउंड फोटॉनिक्स त्या दिव्यांना एकेक करून वीज पोचवणारी चिप बनवायची. २०२० मध्ये दोघींनी मिळून जो पडदा हाती घेतला, त्याचा कर्ण होता ०.२६ इंच. म्हणजे तुरीच्या डाळीएवढा. आणि त्यावर दिव्यांच्या रांगा १०८०, एकेका रांगेत दिवे १९२०. घरातल्या फुल एचडी टीव्हीवर जेवढे ठिपके, तेवढेच इथे. वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे.

डाळीवरचे दिवे डोळ्यांना दिसायचे नाहीत, तेव्हा मोठे करूनच बघू. प्रत्येक दिव्याच्या जागी एक पणती ठेवा, दर दहा सेंटिमीटरला एक. कोल्हापूरहून गडाकडे येताना वाघबीळच्या अलीकडे उसाची शेतं लागतात, तिथे मनातल्या मनात एक रान मोकळं करा. किती लागेल? १९२ मीटर लांब, १०८ मीटर रुंद. पाच एकर पाच गुंठे! या मापाने तुमच्या डोक्यावरचा केस सव्वादोन मीटर जाडीचा होईल. तालमीतला उंचातला उंच पैलवानही त्याच्या आडून दिसणार नाही.

आता तेल. पणतीला चमचाभर घातलं तरी दहा हजार लिटरच्या वर जातं, म्हणजे दुधाचा आख्खा टँकर. लिटरला दीडशे रुपये धरा, साडेपंधरा लाख रुपये एका रात्रीत जळाले. शेतात नको, एका ओळीत लावू म्हणालात, तर ओळ भरेल २०७ किलोमीटर. मुंबईहून निघाली तर पुणं मागे टाकून आणखी पन्नास-पंचावन्न किलोमीटर पुढे जाईल. पन्हाळ्याच्या तटावरून फिरवली, आणि हा तट सात किलोमीटरहून लांब आहे, तर त्याला अठ्ठावीस-एकोणतीस वेढे पडतील. वेढ्यांची सवय आहे म्हणा या गडाला!

खरी कसरत पुढेच आहे. दिवे एका चकतीवर, वीज दुसऱ्या चकतीवर, आणि दोन्ही समोरासमोर आणून चिकटवायच्या. म्हणजे पाच एकरांचं पणत्यांचं रान आणि पाच एकरांचं वातींचं रान एकावर एक पालथं घालायचं, आणि वीस लाख वाती वीस लाख पणत्यांत बरोबर पडल्या पाहिजेत. अर्धा मायक्रॉन सरकलं, तर आपल्या रानात ती चूक भरते दीड-पावणेदोन सेंटिमीटर, साधारण बोटाच्या जाडीएवढी. तेवढ्यानेही धाकधूक होते. आणि शंभरात ९९.९ दिवे लागले म्हणून पेढे वाटू नका. राहिलेल्या त्या दशांशात दोन हजारांवर पणत्या विझलेल्या असतात, आणि त्या डोळ्यासमोर बोटभरावर!

बरं, दिवे नुसते बारीक असून भागत नाही. गडावरच्या सज्जा कोठीवर भर दुपारी उभं राहिलं की एखादी पांढरी भिंत डोळ्यांत वीस-पंचवीस हजार निटने घुसते. निट म्हणजे एक चौरस मीटरवर ढोबळमानाने एका मेणबत्तीचा उजेड. मोबाइलचा पडदा देतो साधारण हजार-दोन हजार. वर नकाशा उमटवणारी चष्म्याची ती खास काच अशी उधळी, की शंभरातला एखादा भाग डोळ्यापर्यंत पोचला तरी पुष्कळ. म्हणून मुळातला उजेड कल्पनेपलीकडचा लागतो. हिरवे आणि निळे दिवे तो देऊ लागले. निळ्याच्या शोधाला तर २०१४ चं नोबेल मिळालं. तांबडा मात्र हट्टी निघाला. दिवा जितका लहान, तितका त्याचा काठ जास्त, आणि तांबड्याची वीज नेमकी काठावर वाया जाते, असं जाणकार सांगतात. आपण विश्वास ठेवू.

हा तांबडा प्लेसीने मेटाबरोबर सोडवायला घेतला. मेटा म्हणजे फेसबुकवालेच. दोघांचा करार मार्च २०२० चा. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलेला आकडा वाचून मी तरी शून्यं बोटाने मोजली. साठ लाख निट! एका चौरस मीटरवर साठ लाख मेणबत्त्या. गंमत अशी की चौरस मीटर इथे आहेच कुठे? तिळाएवढा, पाच चौरस मिलिमीटरचा पडदा धरला, तर हिशेब तीस मेणबत्त्यांवर येतो. हुश्श वाटलं ना? वाटू देऊ नका. एका तिळावर तीस मेणबत्त्या! तुमचा तळहाताएवढा मोबाइल हजार निटने पेटवलात तर त्याच्या दहा होतात. असे तीन मोबाइल एका तिळात कोंबलेत.

या सगळ्याची किंमतही तशीच. मेटाने सप्टेंबर २०२४ मध्ये दाखवलेला ओरायन चष्मा मायक्रोएलईडीवरच चालतो. वजन ९८ ग्रॅम. एकेका नगाला दहा हजार डॉलर, म्हणजे आठ लाख रुपयांवर खर्च आल्याच्या बातम्या होत्या. तो विकायला ठेवलेला नाही, फक्त मिरवायला आहे. मला विचाराल तर तो गडावरच्या अंधारबाव विहिरीच्या काळोख्या पायऱ्यांवर आणि सज्जा कोठीच्या उन्हात, दोन्हीकडे घालून बघितल्याशिवाय मी त्याला पास करणार नाही.

आता शेवटचा हिशेब, आणि इथे जरा धरून बसा. आपल्या पाच एकरांत एक माणूस सोडा. सेकंदाला एक पणती पेटवायची. जेवण नाही, झोप नाही. पणत्या २०,७३,६०० आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. भागून बघा. चोवीस दिवस! बरोबर चोवीस, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. पडदा हे काम सेकंदात एकदा नाही, साठ वेळा करतो, आणि दर वेळी प्रत्येक दिव्याचा उजेड वेगळा. सेकंदाला बारा कोटी चव्वेचाळीस लाख पणत्या. १६६० साली सिद्दी जौहर या गडाला चार महिन्यांहून जास्त वेढा घालून बसला होता. आपला माणूस त्या वेढ्याच्या पहिल्या दिवशी पणत्या लावायला बसला असता आणि आत अडकलेले शिवाजी महाराज पावसाळी रात्री निसटले तेव्हा उठला असता, तरी त्याचं सगळं काम पडद्याने सेकंदाच्या दहाव्या भागात उरकलं असतं. मग त्याला आणखी मागे नेऊ. शिलाहार राजा दुसरा भोज हा गड बांधत होता तेव्हा, साधारण इसवी सन १२०० ला. तेव्हापासून आजवर, सव्वाआठशे वर्षं, रात्रंदिवस, सेकंदाला एक. पणत्या झाल्या दोन हजार सहाशे कोटी. डाळीएवढ्या पडद्याला तेवढ्यासाठी लागतात साडेतीन मिनिटं. आणि तांबडा, हिरवा, निळा असे तीन पडदे एकदम लावले, तर सत्तर सेकंद.