धूर कुणाच्या खात्यावर?

अजिंठ्याची लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात. लेणी पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवरच थांबवतात. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचे. लेण्यांच्या परिसरात धूर नको, म्हणून ही काळजी. पाहुण्यांना हे सांगताना मला अभिमान वाटतो, आणि लगेच एक जुनी फाईल आठवते.

बँकेत असताना धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या एका कारखान्याचे कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आले होते. प्रकल्पखर्च कमी करायचा होता. वाफा पाण्याने धुऊन घेणारा स्क्रबर आणि धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्या, या दोन बाबींपुढे मी पेन्सिलने लिहिले, 'उत्पन्न नाही. पुढे ढकलावे.' काही वर्षांनी त्या गावी गेलो, तेव्हा एक आजी म्हणाल्या, "साहेब, वाळत घातलेल्या धुण्याला बी वास येतो. लेकरं नाक दाबून जेवतात." मी मान खाली घातली.

आज आमच्या शिवारात कापसाच्या जोडीला मका आहे, आणि इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक वाढले आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. शेतकऱ्याला भाव मिळावा, यात वाद नाहीच. पण कारखान्यात काय घडते, तेही घरातल्या सर्वांना ठाऊक हवे. मका दळून आंबवतात, तेव्हा एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, सोबत मद्यार्काची वाफही. उरलेला चोथा वाळवून पशुखाद्य करतात. त्या ड्रायरमधून उग्र वास, असिटाल्डिहाइडसारख्या वाफा आणि बारीक धूळ बाहेर पडते. बॉयलरची राख वेगळीच.

यावर उपाय आहेत. टाकीतून सुटणारी वाफ पाण्याने धुतली, तर मद्यार्क परत हाती येतो. बॉयलरची राख विद्युतभारित पट्ट्यांवर अडते. ड्रायरच्या वाफा सुमारे ८०० अंश तापमानाच्या भट्टीत जाळून टाकता येतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात २००२ साली १२ इथेनॉल कारखान्यांना सरकारने तडजोडीत अशाच भट्ट्या बसवायला लावल्या. वाफांचे प्रमाण ९५ टक्क्यांनी घटवायचे होते.

मी ज्याला 'उत्पन्न नाही' म्हटले, त्याचे व्याज ते गाव श्वासातून भरत राहिले. म्हणून सांगतो, उद्या तुमच्या गावाजवळ कारखाना येणार असेल, तर ग्रामसभेला जा. नोकऱ्या किती, हे जरूर विचारा. पण ड्रायरच्या वाफा कुठे जाणार आणि त्यासाठी पैसे बाजूला ठेवले आहेत का, हेही विचारा. लेण्यांसाठी आपण गाड्या थांबवतो; लेकरांसाठी एवढा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?