थ्री नॉट थ्रीच्या पोटातली पॉइंट टू टू

एनसीसीच्या फायरिंगला पहिल्यांदा गेलेलं पोर एका डब्यापाशी हमखास फसतं. रायफलीच्या पोटाखाली मॅगझीनचा चांगला भरभक्कम डबा असतो. म्हणजे आत आठ-दहा गोळ्या असणारच, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात उस्ताद, म्हणजे शिकवणारे फौजी, त्याच्या तळहातावर मोजून पाच गोळ्या टिकवतात. एकेक गोळी करंगळीच्या पेराएवढी. ती बोटानं नळीच्या मागच्या तोंडाशी ठेवायची, बोल्ट पुढे सारून मूठ खाली दाबायची, श्वास धरायचा, चाप ओढायचा. पुन्हा बोल्ट मागे घेतला की पितळेची इवलीशी पुंगळी निघते आणि टण्णकन त्या डब्यात पडते. डब्यातली स्प्रिंग कधीच काढून टाकलेली असते. ज्या वाटेनं गोळ्या वर यायच्या, त्याच वाटेनं आता रिकाम्या पुंगळ्या खाली जातात.

ही ‘रायफल नंबर टू मार्क फोर’. कॅडेटांच्या तोंडी नुसती ‘टू टू’. अंगापिंडानं ती अस्सल थ्री नॉट थ्री, म्हणजे ब्रिटिश फौजेची पॉइंट ३०३ इंची रायफल आहे. तोच दस्ता, तेच लाकूड, तीच बोल्टची मूठ. वजनही जवळजवळ तेवढंच, चार किलोच्या आसपास. बदललं आहे ते फक्त आतलं. आणि ते बदलायची बुद्धी इंग्रजांना झाली ती मार खाल्ल्यावर.

१८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी ब्रिटिश फौजेला नेमबाजीचा धडा दिला. नेम शिकवायचा तर गोळ्या हव्यात, लांबलचक रेंज हवी, आणि दोन्ही गोष्टी महाग. थ्री नॉट थ्रीची गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, सेकंदाला सातशे मीटरच्या वर धावणारी. ती चुकली तर दोन गावं ओलांडेल. याउलट पॉइंट टू टूची गोळी अडीच ग्रॅमची, वेगानं निम्मीही नाही. खर्च थोडा, धक्का नाही म्हणावा इतका, आणि सरावाला शे-दोनशे फुटांची जागा पुरे. लॉर्ड रॉबर्ट्ससारखा सेनापती पुढे झाला आणि इंग्लंडात छोट्या काडतुसांचे रायफल क्लब गावोगाव निघाले. सैन्यानं विचार केला तो याच्याही पुढचा. शिपायानं हलक्या खेळण्यावर शिकून काय उपयोग? लढाईत जी हाती येणार, तिचंच वजन आणि तिचाच बोल्ट अंगवळणी पडायला हवा. मग जुन्याच बंदुकीचा बोअर, म्हणजे नळीचं भोक, लहान करा!

त्याआधीही एक जुगाड होता, मॉरिस ट्यूब नावाचा. मोठ्या नळीत एक बारीक नळी सारायची, सराव झाला की काढून घ्यायची. बर्मिंगहॅमच्या ए. जी. पार्कर यांनी पुढे जुन्या, झिजलेल्या नळीला मोठं भोक पाडून तिच्यात पॉइंट टू टूचं पोलादी अस्तर कायमचं बसवण्याची रीत आणली. तिला त्यांचंच नाव चिकटलं, पार्करायफलिंग. विहिरीला आतून नवं कडं बांधावं, तसा प्रकार. पहिल्या महायुद्धात तर कमालच झाली. थ्री नॉट थ्रीच्या आकाराची पोकळ काडतुसं तयार केली आणि प्रत्येकाच्या पोटात पॉइंट टू टूची एक गोळी ठेवली. हेतू हा, की शिपायाला मॅगझीन भरण्याचा आणि भराभर बोल्ट मारण्याचाही सराव व्हावा. कल्पना झकास, पण काम किचकट. अखेर १९२१ मध्ये मार्क फोर ठरली ती साधीसुधी: एका वेळी एक गोळी, मॅगझीन फक्त पुंगळ्या झेलायला. १९२६ मध्ये नावांची फेरमांडणी झाली, तेव्हा ती ‘नंबर टू’ झाली.

खरी मेख आहे बोल्टच्या टोकाला. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध पेटण्याची टोपी असते. घोड्याची सुई बरोबर तिथे आपटते. पॉइंट टू टूला अशी टोपीच नसते. तिचं पेटतं द्रव्य बुडाच्या कडेत पसरलेलं असतं आणि सुई कडेवर बसावी लागते. म्हणून बोल्टचं डोकं बदलून सुईचा मार्ग मध्यातून कडेकडे वळवावा लागला. नखाएवढी ही दुरुस्ती झाली नसती, तर नळीला कितीही अस्तर लावा, बंदूक मुकीच राहिली असती.

छत्रपती संभाजीनगरात ही रायफल आली ती एनसीसीबरोबर, आणि एनसीसीलाच इथे यायला थोडा उशीर झाला. पंडित हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशीवरून १५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली, तेव्हा हे शहर, त्या वेळचं औरंगाबाद, भारतात नव्हतंच. निजामाचं राज्य होतं आणि रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. निजामाविरुद्ध भारताची पोलीस कारवाई झाली १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत. १९५० मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी नागसेनवनात कॉलेज काढलं, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. चीनच्या युद्धानंतर, १९६३ पासून कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली, ती १९६८ पर्यंत. दुष्काळी गावांतून आलेली, घरात भरमार बंदूकही न पाहिलेली मुलं एकदम रायफलीसमोर पालथी पडू लागली. आजही महाराष्ट्रातल्या एनसीसीच्या गट मुख्यालयांपैकी एक याच शहरात आहे. रायफली ‘कोत’मध्ये, म्हणजे शस्त्रागारात, कुलूपबंद असतात आणि उस्तादांचा हुकूम हिंदीतच सुटतो: लेटके पोजिशन!

बंदुका पुरवायचा तो बंगालमधला ईशापूरचा कारखाना. १९०४ पासूनचा हा कारखाना. त्यानं लाखांनी थ्री नॉट थ्री बनवल्या. काडतुसांची वाट मात्र महाराष्ट्रातूनच जाते. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. जुन्या थ्री नॉट थ्रीच्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं असतात, ती किरकी फॅक्टरीची. मलिक अंबरानं वसवलेल्या छत्रपती संभाजीनगराचं मूळ नावही खडकीच होतं. योगायोगच, पण मजेदार.

ईशापूरला थ्री नॉट थ्रीचं आणखी एक रूपांतर झालं. त्याची गोष्ट एवढी निरागस नाही. गोळीला फिरकी देणारे नळीतले पेच काढून ती आतून गुळगुळीत केली, काडतूस केलं पॉइंट फोर वन झिरोचं, आणि मॅगझीनच्या जागी लाकडी ठोकळा ठोकून दिला. एक बार, मग पुन्हा भरा. ही ‘मस्केट’ पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. पेच नाहीत म्हणजे गोळी लांब जात नाही, नेमही राहत नाही. गर्दीवर चालवायच्या बंदुकीत हा गुण मानला गेला. पण शिपायाच्या हातातली बंदूक जरा कमी बरी, हा विचार त्याहून जुना आहे.

त्याचं मूळ शोधायचं तर छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उभं राहावं. या जागेला पूर्वी काळा चबुतरा म्हणत. जून १८५७ मध्ये ब्रिटिशांच्या हुकमाखालच्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळानं इथल्या छावणीत बंड केलं, पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज येऊन ते मोडलं आणि बंडवाल्यांना चबुतऱ्यावर मारलं. त्या वर्षी देशभर ज्या काडतुसांवरून पेटलं, ती होती नव्या एनफिल्ड रायफलीची. बंड शमल्यावर १८५८-५९ मध्ये ब्रिटिशांनी हिंदी शिपायांसाठी त्याच घाटाच्या, पण बिनपेचाच्या एनफिल्ड काढल्या. बाहेरून गोऱ्या सोजिराची असते तशीच, आतून पेचच नाहीत. टू टूची नळी शिकवण्यासाठी लहान झाली, मस्केटची अविश्वासापोटी गुळगुळीत झाली. बाहेरून दोन्ही थ्री नॉट थ्रीसारख्याच दिसतात.

तिसरी तऱ्हा शेतकऱ्यांच्या आणि जुन्या शिकाऱ्यांच्या ओळखीची. थ्री नॉट थ्री हा सरकारी बोअर, सामान्य माणसाला बंदी. म्हणून ईशापूरनं त्याच बोल्टवर पॉइंट थ्री वन फाइव्हची स्पोर्टिंग रायफल काढली. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं थांबली, पण अनेक परवान्यांवर आजही हीच नोंद सापडते. बोअर लहान नाही, उलट केसभर मोठाच. फक्त कायद्याच्या चौकटीत बसणारा.

पॉइंट टू टूच्या छोट्या गोळीनं पुढे मोठी माणसं केली. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये निघाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. त्यांच्या नावाच्या नेमबाजी स्पर्धेत आजही एनसीसीचे संघ उतरतात. अंजली भागवत रायफलीकडे वळल्या त्या मुंबईच्या कीर्ती कॉलेजातल्या एनसीसीतून. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोजिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच पॉइंट टू टूच्या काडतुसावर. त्याची आधुनिक रायफल आणि कोतमधली टू टू शेजारी ठेवली तर नातं सांगूनही पटणार नाही.

कॅडेटांच्या हाती आता बरेचदा ‘डीलक्स’ असते. ती रूपांतर नव्हे, ईशापूरचीच, जन्मापासून पॉइंट टू टू. वजन पावणेतीन किलो. सडपातळ मुलांना ती सोयीची. पण उस्तादांच्या जुन्या पिढीला जड नंबर टूच आवडते. जड रायफल हलत नाही, पाच गोळ्यांचा ग्रुप रुपयाएवढा बसतो, असं त्यांचं म्हणणं. थ्री नॉट थ्रीच्या नेमाची पट्टी दोन हजार यार्डांपर्यंतचे आकडे दाखवते आणि पोरांचं टार्गेट असतं पंचवीस यार्डांवर, याचं मात्र त्यांनाही हसू येतं.

झिजून झिजून निकामी झालेल्या थ्री नॉट थ्रीलाही सुट्टी नसते. नळीला आरपार भोक पाडतात, सुई काढून घेतात आणि तिच्यावर ‘डीपी’ लिहितात, म्हणजे फक्त ड्रिलपुरती. सलामी शस्त्र, बाजू शस्त्र, आणि परेड संपली की पुन्हा कोतमध्ये. नवखी पोरं विसाव्याच्या वेळी त्या भोकात हळूच बोट घालून बघतात.

फायरिंग संपलं की रेंजवर खरी गडबड सुरू होते. प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागतो. पुंगळी कमी भरली तर सगळी तुकडी गवतात ओणवी होऊन शोधत बसते. डीलक्सची पुंगळी उडून कुठेही जाते. नंबर टूवाला मात्र निवांत असतो. रायफल उलटी करतो, डबा हलवतो, तळहातावर पाच पुंगळ्या घेतो आणि उस्तादांपुढे धरतो.