एलिझाबेथ आणि मेरी: न झालेल्या भेटीची गोष्ट

इंग्लंडची पहिली एलिझाबेथ आणि स्कॉटलंडची मेरी स्टुअर्ट यांची गोष्ट निघाली, की एक प्रसंग हमखास रंगवला जातो. दोघी समोरासमोर येतात, शब्दाने शब्द वाढतो आणि त्या अपमानाचा सूड म्हणून एलिझाबेथ मेरीचं डोकं उडवते. या दोघी आयुष्यात एकदाही भेटल्या नाहीत. ही भेट शिलरच्या १८०० सालच्या नाटकातली; पुढे डोनिझेट्टीच्या ऑपेराने ती उचलली, आणि २०१८च्या चित्रपटालाही तिचा मोह आवरला नाही. १५६२मध्ये भेट ठरली होती हे खरं, पण फ्रान्समध्ये धर्मयुद्ध पेटलं आणि बेत बारगळला. १५६८मध्ये मेरी इंग्लंडच्या आश्रयाला आली, ती मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षं, कैदेतच राहिली. तिने भेटीसाठी वारंवार विनवलं. एलिझाबेथने दाद दिली नाही.

भेट खोटी निघाली तरी ‘बायकांच्या मत्सराचा’ सिद्धांत काही सुटत नाही. पुरावा म्हणून मेरीचा वकील जेम्स मेल्विल पुढे केला जातो: १५६४मध्ये एलिझाबेथने त्याला विचारलं होतं, आम्हा दोघींत सुंदर कोण, उंच कोण? विचारलं असेलही, मात्र मेल्विलने हे लिहिलं उतारवयात. आणि त्याच सुमाराला हीच मत्सरी बाई स्वतःचा लाडका रॉबर्ट डडली मेरीला नवरा म्हणून सुचवत होती, याचं काय करायचं? १५७२मध्ये, मेरीला इंग्लंडच्या गादीवर बसवण्याचा रिडॉल्फी कट उघड झाल्यावर, संसद मेरीच्या जिवावर उठली होती. एलिझाबेथने कटातल्या नॉरफोकच्या ड्यूकला मारलं, मेरीला नाही. तिचा वारसाहक्क काढून घेणाऱ्या विधेयकालाही संमती दिली नाही. सूडच घ्यायचा असता, तर इतकी आयती संधी कोण सोडतं?

मग मेरी कॅथलिक होती म्हणून मारली, असं म्हणावं का? तेही पुरतं खरं नाही. १५६१मध्ये स्कॉटलंडला परतल्यावर तिने तिथली प्रोटेस्टंट व्यवस्था मोडली नाही. स्कॉटिश सरदार बॉथवेलशी लग्नही प्रोटेस्टंट पद्धतीने लावलं. खरी मेख वारशात होती. मेरी सातव्या हेन्रीची पणती, आणि कॅथलिकांच्या लेखी एलिझाबेथची आई ॲन बोलिन हिचं लग्नच बेकायदा असल्याने एलिझाबेथ अनौरस. १५७०मध्ये पोपने एलिझाबेथला बहिष्कृत करून तिच्या प्रजेला निष्ठेतून मोकळं केलं, तेव्हापासून प्रत्येक कटाला पर्यायी राणी हवी होती आणि ती इंग्लंडमध्येच कोंडलेली होती. एलिझाबेथला मारण्याच्या १५८६च्या बॅबिंग्टन कटात मेरीची पत्रं एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम याच्या हाती पडली, आणि राणीच्या जिवाला धोका आणणाऱ्यांविरुद्ध नुकत्याच झालेल्या कायद्याखाली खटला चालला.

मेरी दोषी ठरली. एलिझाबेथने तिच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही केली, पण तो तिला न विचारता मंत्र्यांनीच रवाना केला. ८ फेब्रुवारी १५८७ला मेरीचा शिरच्छेद झाल्यावर राणीने सचिव डेव्हिसनला टॉवरमध्ये डांबलं. हे सगळं नाटक होतं, असा आक्षेप येतो, आणि त्यात तथ्य आहेच: मेरीला गुपचूप संपवावं, असं तिने पहारेकरी पॉलेटला सुचवलं होतं आणि त्याने नकार दिला. पण हा आक्षेप मत्सराला नव्हे, हिशेबालाच पुष्टी देतो. अभिषिक्त राणीला न्यायालयाने वधस्तंभावर चढवायचा पायंडा एलिझाबेथला नको होता. तो उद्या तिच्यावरही उलटला असता.

जाता जाता: ‘ब्लडी मेरी’ ही नव्हे. ती एलिझाबेथची सावत्र बहीण मेरी ट्यूडर, १५५८मध्येच वारली.