चौथ्या दारातला कुत्रा

नाशिकच्या इंदिरानगरसारख्या वसाहतीत कुत्रा घरात येण्याची आणि घरातून जाण्याची कारणं ठरलेली असतात. मुलांचा हट्ट, लॉकडाऊनमधला रिकामा वेळ, नाहीतर एखादी जाहिरात. २००३ मध्ये ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि शहरोशहरी पगची पिल्लं शोधली जाऊ लागली. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकणाऱ्या नाशकात हस्की पाळण्याची हौसही अशीच पडद्यावरून उतरलेली. पुढे मुलाची दहावी येते, बदली होते, घरमालक नको म्हणतो, आणि ‘चांगलं घर बघून दिला’ किंवा ‘मळ्यात पाठवला’ असं सांगून विषय मिटतो. मळ्यात बहुधा साखळी असते. तिथून तोच कुत्रा तिसऱ्या, चौथ्या दारात येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणं आणि तासन्‌तास आखूड साखळीला बांधून ठेवणं, दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याचा दंड मात्र जास्तीत जास्त ५० रुपये. नाशकात तेवढ्यात धड मिसळही येत नाही! तेव्हा अशा कुत्र्याचं जे काही भलं व्हायचं ते नव्या घरातच.

त्याला घरी आणणारी माणसं दोन तऱ्हेची दिसतात. ‘बिचाऱ्याने फार सोसलंय’ म्हणून काही जण पहिल्याच दिवशी लाडांचा मारा करतात आणि पाहायला अख्खी सोसायटी बोलावतात. काहींना वाटतं, आल्या आल्या शिस्त लावली नाही तर डोक्यावर बसेल. मला दोन्ही वाटा फसव्या वाटतात, कारण त्या कुत्र्याला सर्वांत आधी हवा असतो तो अंदाज: आता काय होणार आणि आपल्या वागण्याने काय घडतं याचा. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके देऊन पाहिले. काही कुत्र्यांना डोक्याने फळी दाबून झटका थांबवता येई. बाकीच्यांना झटके तेवढेच, पण थांबवणं हाती नव्हतं. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथे एक अडसर ओलांडला की सुटका होती. ज्यांच्या हाती आधी काहीच नव्हतं, त्यांतल्या बहुतेकांनी धड प्रयत्नच केला नाही. प्रयोग निर्दयच होता, पण त्यातून कळलं ते विसरण्यासारखं नाही. घरोघर फिरलेला कुत्रा कोपऱ्यात गप्प पडून असतो, तेव्हा ‘किती शहाणा आहे’ असं कौतुक होतं. पुष्कळदा त्याने हाय खाल्लेली असते.

म्हणून सुरुवातीचे दिवस जवळजवळ काही न करण्याचे. मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निवाऱ्यात आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात पहिल्या तीन दिवसांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक घरच्या कुत्र्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं होतं. अशा अवस्थेत आंघोळ, पाहुणे, फोटो कशासाठी? एक कोपरा, अंथरूण, पाणी. ठरल्या वेळी जेवण. शक्यतो एकाच माणसाने त्याच रस्त्याने फिरायला नेणं. गजबजलेला जॉगिंग ट्रॅक पुढे कधीतरी. जुनं खाणं एकदम बदलू नये, आठवडाभरात हळूहळू बदलावं. नाहीतर पोट बिघडतं आणि ‘घरात घाण करतो’ हा ठपका येतो. उठल्यावर, जेवल्यावर लगेच बाहेर न्यावं. रेबीजची लस, जंत, गोचीड, कान, दात हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावं, कारण दुखणारा कानही अंगावर धावायला लावतो. डोक्यावरून हात फिरवण्याची घाई नको, त्याला जवळ येऊ द्यावं. बुजणं ओसरायला तीन दिवस, घराची लय कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने, असा एक ठोकताळा प्राणी सांभाळणारे सांगतात. ठोकताळाच तो, काहींना वर्ष लागतं.

मोठा झालेला, इतके धनी पाहिलेला कुत्रा आता कुणाचा होणार, ही शंका नेहमीची. हंगेरीतल्या मार्ता गाची आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निवाऱ्यातल्या प्रौढ कुत्र्यांवर केलेला अभ्यास तिला उत्तर देतो. अनोळखी माणसाबरोबरच्या तीन छोट्या भेटींनंतरच ते कुत्रे त्या माणसाकडे ओढ दाखवू लागले. कोलकात्याच्या आयसरमधल्या संशोधकांना तर भटक्या कुत्र्यांचा विश्वास खाऊपेक्षा कुरवाळण्याने अधिक बसतो असं २०१७ मध्ये दिसलं. थोडक्यात, जीव लावण्याची ताकद शाबूत असते. मात्र एक कबूल करायला हवं. पिल्लू तीन ते बारा आठवड्यांचं असताना जगाची ओळख झालीच नसेल, तर काही भीती आयुष्यभर राहते. तिच्यासह जगायला शिकावं लागतं.

शिस्तीच्या आग्रहाचं काय? घरी परतल्यावर फाडलेली उशी दिसते, कुत्रा कान पाडून बसतो, आणि ‘बघा, चूक कळलीय’ असं आपण ठरवतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवलं की तो अपराधी चेहरा चुकीशी नव्हे, मालकाच्या रागाशी जोडलेला असतो. काही न केलेल्या कुत्र्यानेही तो केला. मागाहून मारलेल्या फटक्यातून तो इतकंच शिकतो की या घरातही केव्हा काय होईल याचा नेम नाही. नियम हवेतच, ते घरातल्या सगळ्यांनी रोज सारखे पाळले तर पुरे.

फ्लॅटमधले शेजारी तीन महिने भुंकणं सहन करतील का, ही अडचण खरीच आहे. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, पण तो नियम दाखवून शेजार मिळत नाही. आधीच सांगून ठेवावं आणि एकटं राहण्याची सवय मिनिटामिनिटाने लावावी. ढोलपथकांचा सराव गणपतीच्या बराच आधी सुरू होतो, पाठोपाठ दिवाळीचे फटाके. त्या दिवसांत नवा कुत्रा आणूच नये.

घरात तान्हं मूल असेल आणि कुत्रा चावण्यावर येत असेल, तर हट्टाने ठेवण्यात शहाणपण नाही. मग देताना लसीच्या तारखांखाली तो कशाला घाबरतो, जेवताना जवळ गेलं तर काय करतो, कुणाला चावला आहे का, हे सगळं लिहून द्यावं. पुढचं घर मिळेना म्हणून नेमकी हीच माहिती दडवली जाते.